रबरी हातमोज्यांची उलटी गोष्ट

शस्त्रक्रिया करताना डॉक्टर रबरी हातमोजे का घालतात? ‘रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून,’ असे उत्तर वर्गात लगेच मिळेल. पण हॉलस्टेड या शल्यचिकित्सकांनी हे मोजे प्रथम करवून घेतले, ते एका परिचारिकेच्या हातांसाठी!

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातली ही गोष्ट. १८८९-९० च्या हिवाळ्यात कॅरोलीन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा मर्क्युरिक क्लोराइड या जंतुनाशकाने सोलवटू लागली. तेव्हा विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे बनवून घेतले. हात वाचले, काम चालू राहिले.

जवळजवळ शंभर वर्षांनी गोष्ट उलटली. १९८० च्या दशकात एड्सची ओळख झाली आणि रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामात मोजे आवश्यक ठरले. वापर प्रचंड वाढला, तशा परिचारिका व डॉक्टरांच्या तक्रारीही वाढल्या. अंगावर गांधी उठत, शिंका येत, दमा होई. क्वचित रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेते. हॅम्प्टनबाईंचा त्रास हातांपुरता होता. ही अ‍ॅलर्जी साऱ्या शरीराची होती.

कारण होते रबराच्या झाडाच्या चिकातील प्रथिने. काहींची प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू समजून ‘आयजीई’ प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या संपर्कात हिस्टामिनसारखी द्रव्ये बाहेर पडतात आणि लक्षणे दिसतात.

मग अशांनी स्वतःचे मोजे बदलले की झाले? नाही. मोजा सहज चढावा म्हणून आत मक्याच्या स्टार्चची भुकटी घालत. प्रथिने तिला चिकटत आणि शेजारच्याने मोजा काढला की हवेत उडत. स्वतः कितीही जपले, तरी श्वास तर घ्यावाच लागतो!

म्हणून उपायही सर्वांनी मिळूनच करावा लागला. जर्मनीने १९९८ मध्ये कामाच्या ठिकाणी भुकटीचे लॅटेक्स मोजे बंद केले; नव्या रुग्णांची संख्या घटली. २००८ मध्ये खुद्द जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने लॅटेक्सचे मोजे सोडले. २०१७ पासून अमेरिकेत भुकटीच्या वैद्यकीय मोज्यांवर बंदी आली.

वाढदिवसाला वर्गात लावतो ते फुगेही बहुधा याच चिकाचे असतात. एखाद्या मुलाला त्यांची अ‍ॅलर्जी असेल, तर ‘तू लांब बस’ एवढे सांगून भागेल का? विद्यार्थ्यांनाच विचारून पाहा.