सर्व्हर बंद पडला, हे क्लाउडला कसं कळतं?

सातपुड्यातलं धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्यालय. इथल्या एखाद्या पाड्यावर फोन लागला नाही, तर कुणी लगेच घाबरत नाही. रेंज नसेल, असं म्हणून थोड्या वेळाने पुन्हा फोन केला जातो. क्लाउडसमोरही हाच प्रश्न असतो: सर्व्हर बंद पडला, की फक्त संपर्क तुटला?

क्लस्टर आणि नोड म्हणजे काय?

काम वाटून घेणाऱ्या सर्व्हरच्या गटाला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक सर्व्हरला नोड. एक नोड पडला तरी सेवा सुरू राहावी, यासाठी ही रचना असते.

बिघाड कसा ओळखतात?

गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली 'कुबरनेटिस' ही क्लस्टर सांभाळणारी प्रणाली. तिच्यात प्रत्येक नोड साधारण दर १० सेकंदांनी 'मी चालू आहे' असा निरोप पाठवतो. त्याला हार्टबीट म्हणतात. पाऊण मिनिटाच्या आसपास निरोप आला नाही, तर नोडची स्थिती 'अननोन', म्हणजे 'माहीत नाही', अशी नोंदवली जाते. त्यानंतरही साधारण ५ मिनिटं थांबूनच त्याचं काम दुसऱ्या नोडवर हलवायला सुरुवात होते.

इतकं थांबायचं कशाला?

जुना नोड चालूच असेल, तर एकच काम दोघं करतील. एकाच खात्यातून दोनदा पैसे कापले जाऊ शकतात. याला 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला बहुमताचा: ३ पैकी २ किंवा ५ पैकी ३ नोड एकमेकांच्या संपर्कात असतील, तरच निर्णय होतो. दुसरा 'फेन्सिंग': आधी जुन्या नोडची वीज किंवा स्टोरेज तोडायचं, मगच काम दुसरीकडे सुरू करायचं.

नोड परत कसा आणतात?

१. नवीन काम त्याच्याकडे जाणं थांबवतात (कॉर्डन).
२. नोड प्रतिसाद देत असेल, तर चालू काम दुसरीकडे हलवतात (ड्रेन).
३. डिस्क, मेमरी, नेटवर्क तपासून रीस्टार्ट करतात.
४. तरीही जमलं नाही, तर तो काढून नवा नोड लावतात.

सामान्यांचा काय संबंध?

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्याच टेंभली गावात दिलं गेलं. आधारची डेटा सेंटर बंगळुरू आणि मानेसरला आहेत. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर बोट ठेवलं की आधारची पडताळणी होते. ती झाली नाही, तर दोष तिथल्या सर्व्हरचाच असेल असं नाही. डोंगरात मशीनची रेंजच गेली असेल, तर क्लस्टरमध्ये कितीही जादा नोड असले तरी उपयोग होत नाही.