नर्स हवी, पण आपली मुलगी नको

माटुंगा म्हटले की फाइव्ह गार्डन, उडप्यांची हॉटेले, फुलांच्या वेण्या आणि खालसा-पोद्दारसारखी कॉलेजे आठवतात. सव्वाशे वर्षांपूर्वी या नावाने मुंबईकराच्या डोळ्यांपुढे वेगळेच चित्र उभे राही. १८९० साली तेव्हाचे पालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांनी रस्त्यावर पडलेल्या बेवारस महारोग्यांसाठी माटुंग्यात आश्रम उघडला. शहराच्या वेशीबाहेरची ती मोकळी जागा होती. आज वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय म्हणून ओळखले जाते ते हेच. (या ॲकवर्थसाहेबांना मराठी पोवाड्यांचा नाद होता. शाळिग्रामांच्या मदतीने त्यांनी पोवाड्यांचा संग्रह काढला, इंग्रजीत भाषांतरही केले. मराठी वाचकांना ते आठवतात ते याच कामामुळे. महारोग्यांचे काम मागे पडले.)

आश्रम बांधायला देणग्या मिळाल्या. डॉक्टरही मिळत. जखमा धुवायला, घाण काढायला, रात्री उशाशी बसायला कोण येणार, हा प्रश्न मात्र माटुंग्यात होता, तसाच भायखळ्याच्या जे. जे. इस्पितळातही होता. ते काम आपल्याकडे घरातल्या बाईचे, नाहीतर दाईचे आणि भंग्याचे मानले जाई. ते शिकून करायचे असते, त्याला शाळा असते, परीक्षा असते, ही कल्पनाच नवी होती. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलची शाळा १८६० साली सुरू झाली, म्हणजे तिथेही ती फार जुनी नव्हती.

मुंबईत या गोष्टीला हात घातला तो बायकांच्या इस्पितळाने. डॉ. एडिथ पेची १८८३च्या अखेरीस इथे आल्या. कामा इस्पितळाची इमारत तेव्हा पूर्ण व्हायची होती, म्हणून काम सुरू झाले ते बायकांच्या दवाखान्यात. तो दवाखाना उभा राहिला होता जाफर सुलेमान या मुस्लिम व्यापाऱ्याच्या देणगीतून आणि त्याला नावही त्यांचेच होते. १८८४ सालची ही गोष्ट. मुस्लिम समाजाने आधुनिक वैद्यकाकडे पाठ फिरवली होती, असे सरसकट लिहिणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. पडद्यातल्या बायकांना बाई डॉक्टर मिळाली आणि गर्दी लोटली. १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झाले. डॉक्टरपासून खालपर्यंत बायकाच असाव्यात, हे त्याचे वैशिष्ट्य. पेचीबाईंनी तिथे नर्सना शिकवण्याची सोय केली.

आता शिकायला मुली हव्या होत्या. आल्या त्या बहुतेक ॲंग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती घरांतल्या. पुढे कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी कुटुंबांतल्या मुलीही बऱ्याच संख्येने या पेशात शिरल्या. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ साली प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून बाई काशीबाई गणपत हे नाव येते. एका ओळीत येते आणि संपते. विद्यार्थिनी ती ओळ पाठ करतात, परीक्षेत लिहितात. त्या काळात घराबाहेर राहून परक्या माणसांचे मलमूत्र काढायला शिकणाऱ्या मराठी बाईला सासर-माहेरी काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना आपल्याला अवघड नाही. थोड्याफार फरकाने ते आजही ऐकू येते.

मुली याव्यात म्हणून या शाळांना सगळ्यात आधी वसतिगृह बांधावे लागे. मेट्रनचा पहारा, रात्रीची हजेरी, भेटीचे ठरलेले वार, लग्न न झालेल्या मुलींनाच प्रवेश, ही शिस्त नुसत्या कामासाठी नव्हती. मुलगी सुरक्षित आहे हे बापाला पटावे, यासाठी ती होती. गंमत अशी की ज्या वसतिगृहामुळे ख्रिस्ती बापाचा जीव भांड्यात पडे, त्याच वसतिगृहामुळे आपल्याकडच्या बापाच्या पोटात गोळा येई. मुलगी घराबाहेर झोपणार, हेच त्याला मान्य नव्हते. ‘सिस्टर’ हा शब्दही याच काळातून आपल्याकडे राहिला. इंग्लंडमध्ये वॉर्डप्रमुख नर्सला सिस्टर म्हणत आणि कित्येक ठिकाणी नर्स खरोखरच जोगिणी असत. आपण त्याचा अर्थ सरळ बहीण असा घेतला आणि तो चालून गेला.

मग प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत पहिले रोगी ओळखले आणि काही महिन्यांत शहर ओस पडू लागले. नर्स इतक्या कमी होत्या की इंग्लंडहून बोलवाव्या लागल्या. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांच्याकडे कुठल्याही शाळेचा दाखला नव्हता. मुंबईत खोजा, मेमन, पारशी, जैन अशी जमातवार प्लेग इस्पितळे निघाली, कारण सरकारी इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती.

या सगळ्याचा कडेलोट ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात झाला. तपासणी पथकाला रिपन रोड भागात एका जुलाहा विणकराच्या घरी आजारी मुलगी आढळली. वय बारा वर्षे. तिला नेऊ द्यायला घरच्यांनी आणि मोहल्ल्याने नकार दिला. दगडफेक झाली, दंगल पसरली, गोळीबार झाला, माणसे मेली. इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना ‘प्लेगची दंगल’ म्हणून येते आणि बहुतेकदा अडाणी विणकरांचा उद्रेक म्हणून मांडली जाते. मला ती तशी वाचता येत नाही. सरकारी जुलमाविरुद्ध तोच राग पुण्यात चाफेकरांनी आदल्या वर्षी रॅंडवर काढला होता, त्याला कोणी अडाणीपणा म्हणत नाही. मदनपुऱ्यातल्या बापाचे म्हणणे समजण्यासारखे होते. परक्या पुरुषांनी माझ्या मुलीच्या काखेत-जांघेत गाठी चाचपू नयेत, तिला उचलून नेऊ नये.

पण त्याच मोहल्ल्याच्या दारात बुरख्यातली, त्यांचीच भाषा बोलणारी, शिकलेली नर्स उभी असती तर? ती नव्हती. ती असायला कुणीतरी दहा वर्षे आधी आपली मुलगी कामा इस्पितळात शिकायला पाठवायला हवी होती. बाईला बाईनेच हात लावावा, हा आग्रह सगळ्यांचा होता. त्यात मुसलमान होते, तसे ब्राह्मण, भाटिये, मराठेही होते. तो हात आपल्या घरातला असावा, असे मात्र कुणालाच वाटत नव्हते. हे दोन आग्रह एकत्र नांदू शकत नाहीत.

इज्जतीचा आणि धर्माचा दाखला देणाऱ्यांना मदिनेतला एक तंबू आठवायला हरकत नाही. खंदकच्या लढाईत, इसवी सन ६२७ मध्ये, हजरत साद बिन मुआज यांच्या हाताला बाण लागला. प्रेषित मुहंमद (स.) यांनी त्यांना ठेवले ते मशिदीतल्या एका तंबूत. तो तंबू चालवत होत्या हजरत रुफैदा अल-अस्लमिया (रजि.). जखमी सहाबींची शुश्रूषा एक बाई करत होती आणि तीही मशिदीच्या आवारात. बहारीनमधल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आज रुफैदांच्या नावाने पारितोषिक दिले जाते. आपल्या मोहल्ल्यांत वाझमध्ये हे नाव किती वेळा ऐकले, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

प्लेगने मुंबईला एक गोष्ट दिली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गल्लीबोळांची गर्दी फोडून उत्तरेकडे हवेशीर वस्ती करायची, या विचारातून दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजना आखल्या गेल्या. आजचे रुंद रस्त्यांचे, बागांचे माटुंगा त्यातून घडले. महारोग्यांसाठी शहराबाहेर शोधलेली जागा शहराच्या पोटात आली.

नर्सचा तुटवडा मात्र तसाच राहिला. १९३५च्या कायद्याने मुंबई इलाख्यात नर्सची नोंदणी सुरू झाली. १९४६ साली भोर समितीने हिशोब मांडला तेव्हा देशात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर ४३ हजार लोकांमागे एक नर्स. जगात साधारणपणे डॉक्टरांहून नर्स जास्त असतात. आपल्याकडे जवळपास सात डॉक्टरांमागे एक नर्स होती. वकिलाच्या, कारकुनाच्या घरात मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वाटत, नर्स होते म्हणाली तर रडारड होई, त्याचा हा परिणाम. भोर समितीने नर्सच्या पगाराबद्दल, राहण्याच्या सोयींबद्दल कडक शब्दांत लिहिले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. त्याच वर्षी माटुंग्याच्या शेजारी शीवला लष्कराच्या बराकींत पालिकेचे इस्पितळ सुरू झाले. तेच आजचे लोकमान्य टिळक रुग्णालय. धारावी, माटुंगा लेबर कॅम्प, ॲंटॉप हिल, कुर्ला, सगळ्यांचा आधार.

तिथल्या आणि परळच्या वॉर्डांत पुढची कित्येक वर्षे आपल्याला भेटल्या त्या बऱ्याचदा केरळच्या सिस्टर. तुटक्या हिंदीत दटावणाऱ्या आणि मराठी पटकन शिकणाऱ्या. तिथल्या सामान्य ख्रिस्ती कुटुंबांनी मुलीच्या नर्सिंगकडे घर वर काढणारी कमाई म्हणून पाहिले. मुंबईहून त्या आखातात गेल्या. आपल्या रत्नागिरी-रायगडातले पुरुषही त्याच आखातात गेले, जहाजावर, दुकानांत, बांधकामावर. तिथल्या इस्पितळात मराठी मुसलमान आजारी पडला की त्याला पाणी पाजायला केरळची नर्स असे. आपली मुलगी तिथे असू शकली असती, हा विचार आता कुठे रुजतो आहे.

एप्रिल २०२०मध्ये धारावीत कोरोनाची घरोघर तपासणी सुरू झाली तेव्हा मला मदनपुरा आठवत होता. पुन्हा साथ, पुन्हा दाटीची वस्ती, पुन्हा दारात पथक. पण या वेळी पथकात वस्तीतलेच डॉक्टर होते, ओळखीच्या आरोग्यसेविका होत्या. दारे उघडली गेली.

आता बारावीच्या मुलींसाठी दोन वाटा आहेत. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका. कोणत्याही शाखेतून, इंग्रजीसह ४० टक्क्यांनी बारावी उत्तीर्ण झालेली मुलगी पात्र ठरते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. त्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, खुल्या गटाला ४५ टक्के. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. कला शाखेतल्या मुलीला बीएस्सीचा मार्ग सरळ मिळत नाही, पण जीएनएम झाल्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते, हे फार थोड्या घरांना ठाऊक आहे. शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय नोकरी करता येत नाही. सरकारी इस्पितळात पहिले पद अधिपरिचारिकेचे, मग परिसेविका, पुढे अधिसेविका, म्हणजे मेट्रन. खासगी संस्थेत नाव घालण्यापूर्वी तिला परिषदेची मान्यता आहे का, हे संकेतस्थळावर बघावे. मान्यता नसलेल्या शाळेच्या दाखल्यावर नोंदणी होत नाही आणि आईचे दागिने मोडून भरलेली फी बुडते.

आणि मदनपुऱ्यातली ती मुलगी ज्या जमातीची होती, ती जुलाहा, मोमीन, अन्सारी बिरादरी आज राज्याच्या ओबीसी यादीत आहे. तिच्या पणतीला राखीव जागेवर अर्ज करता येतो. त्यासाठी जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेयर लागते. वैधतेला महिनोन्‌महिने जातात. तेव्हा निकालाची वाट न बघता अकरावीतच आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले शोधायला लागावे.