भूमिकेचा वारसा : संगीत रंगभूमीवरील मुख्य नट आणि त्यांच्या जागी उभे राहिलेले

दीर्घकाळ चालणाऱ्या संगीत नाटकातील मुख्य नट आजारी पडला, थकला, मंडळी सोडून गेला किंवा निवर्तला, तर त्याच्या जागी कोणी उभे राहायचे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक रंगभूमीने आपल्या गायनपद्धतीला आणि व्यवहाराला धरून शोधले आहे. लंडन आणि न्यूयॉर्क येथील व्यावसायिक रंगभूमीवर ही तजवीज आधीपासून केलेली असते. समूहात गाणारा एखादा नट मुख्य भूमिकाही पाठ करून तयार ठेवतो, त्याला ‘अंडरस्टडी’ म्हणतात. समूहातील अनेक जागा ज्याला येतात आणि ज्या दिवशी जी रिकामी पडेल ती जो भरून काढतो, तो ‘स्विंग’. आणि आठवड्यातील काही ठरावीक प्रयोगांत मुख्य भूमिका हक्काने करणारा दुसरा नट म्हणजे ‘आल्टरनेट’. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हे संगीतक न्यूयॉर्कमध्ये २६ जानेवारी १९८८ पासून १६ एप्रिल २०२३ पर्यंत चालले आणि त्याचे १३,९८१ प्रयोग झाले. त्यातील ख्रिस्टीनची भूमिका गळ्यावर इतका ताण आणणारी आहे, की आठवड्याच्या आठ प्रयोगांपैकी सहा मुख्य गायिकेने आणि दोन आल्टरनेटने करावेत, अशी वाटणी सुरुवातीपासूनच करण्यात आली होती. तेथे स्वरलेखन छापील असते, वाद्यवृंदाला त्याबाहेर जाता येत नाही, आणि म्हणून बदली गायिकेची परीक्षा ठरलेल्या चौकटीत किती नेमके बसता येते यावर होते.

मराठी संगीत रंगभूमीवर अशी ठरीव व्यवस्था कधी रूढ झाली नाही, आणि त्याचे मूळ कारण पदाच्या स्वरूपात सापडते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले. या नाटकांतील पदांच्या चाली ठरलेल्या होत्या, परंतु चाल म्हणजे केवळ आराखडा होता. तो भरायचा कसा, तान कोठे घ्यायची, कोणत्या शब्दावर रेंगाळायचे, ‘वन्स मोअर’ मिळाल्यावर तेच पद दुसऱ्यांदा कोणत्या अंगाने मांडायचे, हे सर्व गाणाऱ्याच्या गळ्यावर आणि तालमीवर अवलंबून असे. अशा गायनाची नक्कल करता येते, पण नकलेवर रात्र निभावत नाही. त्यामुळे नट बदलला की पदांचा तोंडावळा बदले, आणि श्रोत्यांच्या लेखी नाटकच काही अंशी नवे होई.

बदलाची पहिली मोठी घटना किर्लोस्कर मंडळीच्या अगदी आरंभकाळातच घडली. पहिल्या प्रयोगात शकुंतलेची भूमिका शंकरराव मुजुमदार यांनी केली होती. १८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले आणि ती भूमिका त्यांच्याकडे गेली. भाऊरावांचा आवाज उंच, भरदार आणि चपळ होता, आणि ‘सौभद्रा’तील सुभद्रा तर त्यांचीच म्हणून ओळखली जाऊ लागली. मुजुमदारांची हकीकत मात्र सहसा एका वाक्यात संपवली जाते, आणि ते अन्यायाचे आहे. ज्याने पहिली शकुंतला उभी केली, त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि पुढे मंडळीचा कारभार सांभाळला. अण्णासाहेब १८८५ मध्ये निवर्तल्यावर मंडळी टिकली, यात भाऊरावांच्या गळ्याइतकाच मुजुमदारांच्या व्यवस्थापनाचा वाटा आहे. मूळ नट आणि वारस यांची तुलना करताना गुणांचा विचार पुष्कळ होतो, जागा सोडण्यासाठी लागणाऱ्या मोठेपणाचा फारसा होत नाही.

स्त्रीभूमिका पुरुषांनीच करावयाच्या असल्यामुळे भूमिकांच्या हस्तांतराला आणखी एक निसर्गाचे कारण होते. मुले आठ-दहा वर्षांची असतानाच नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात दाखल होत, नांदीच्या समूहात उभी राहत, सख्यांची कामे करत आणि त्यांच्यातील गोड गळ्याच्या मुलाला पुढे नायिकेची भूमिका मिळे. पौगंडावस्थेत आवाज फुटला, म्हणजे स्वरयंत्र वाढून आवाज खाली उतरला आणि काही काळ बेभरवशाचा झाला, की त्या मुलाचे भवितव्य टांगणीला लागे. ज्यांचा आवाज सावरला ते पुन्हा उभे राहिले. बाकीचे किरकोळ पुरुषभूमिकांत, प्रॉम्प्टिंगमध्ये, पडद्यामागच्या कामांत मिसळून गेले. मंडळीला नायिकेचा वारस हवा असे तो या कारणाने आणि तो तयार होई तो विंगेत. रोजची तालीम असे, गायनाचे शिक्षणही असे, परंतु भूमिका खरी अंगी मुरे ती प्रयोगाच्या वेळी पडद्याच्या आडोशाला उभे राहून, मुख्य नट कोठे श्वास घेतो, पदर कसा सावरतो, ऑर्गनवाल्याकडे कोणत्या क्षणी पाहतो, हे रात्रीमागून रात्री टिपत राहिल्याने.

या हस्तांतराची एक तांत्रिक बाजूही आहे. गाणाऱ्याचा आधारस्वर, म्हणजे ज्या पट्टीत तो षड्ज धरतो ती पट्टी, प्रत्येकाची वेगळी असते. नवा नट आला आणि त्याची पट्टी आधीच्यापेक्षा दोन स्वरांनी वर असली, तर ऑर्गनवाल्याला पाठ झालेली सर्व बोटे सरकवावी लागत; तबल्याचे काम त्याहून कठीण, कारण तबला षड्जाला मिळवलेला असतो आणि एका मर्यादेपलीकडे तो चढवता येत नाही, म्हणून लहान तोंडाचा वेगळा तबलाच घ्यावा लागे. त्यात नायक आणि नायिका यांची पदे एकामागोमाग येत असली, तर दोघांच्या पट्ट्यांचा मेळ बसवणे ही वादकांची कसोटी ठरे. सौभद्रासारख्या शंभराहून अधिक पदांच्या नाटकात एका नटाचा बदल म्हणजे साथीच्या साऱ्या मांडणीची फेरतपासणी असे, आणि हे काम ज्या वादकांनी केले त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे जाहिरातींत कधी आली नाहीत.

भाऊराव उत्तरायुष्यात पुरुषभूमिकांकडे वळले. देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) त्यांनी कोदंड केला. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा किर्लोस्कर मंडळीत नटांची वाण नव्हती, पण ज्याच्या नावावर थिएटर भरेल असा गळा नव्हता. ही उणीव १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, मंडळीत आल्यावर भरून निघाली. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ च्या अखेरीस, म्हणजे भाऊरावांच्या मृत्यूनंतर; त्यामुळे नारायणरावांची शकुंतला ऐकताना जुन्या रसिकांनी तुलना केली ती निव्वळ आठवणीतल्या आवाजाशी. आठवण मृताला झुकते माप देते हे खरे, पण ती नव्याला मोकळीकही देते, कारण प्रत्येक हरकतीचा दाखला समोर ठेवून जाब विचारणारे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. नारायणरावांनी भाऊरावांची आक्रमक, उंच स्वरातली गायकी उचलली नाही. शब्दाला जपणारी, लयीशी खेळत हळुवार उलगडणारी स्वतःची वाट त्यांनी घेतली आणि रसिकांनी ती मान्य केली.

पुढे मात्र उलटा प्रश्न उभा राहिला. वारस म्हणून आलेला नट इतका मोठा झाला, की त्यालाच पर्याय उरला नाही. ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली, ही हकीकत त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. ती निष्ठा वादातीत आहे. परंतु व्यवसायाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्या घटनेचा आणखी एक अर्थ निघतो : मुलगी गमावलेल्या बापाला त्या रात्री घरी राहू द्यावे, तर त्याची भूमिका करू शकेल असा दुसरा नट भामिनी म्हणून रसिकांनी स्वीकारलाच नसता. राखीव नट न ठेवण्याची किंमत माणसांना अशा प्रकारे मोजावी लागत होती, आणि निष्ठेच्या गौरवात ती झाकली जाऊ नये.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. त्या मंडळीच्या सुमारे दोन दशकांच्या वाटचालीत मुख्य नट आणि बदली नट यांच्यातील फरक विलक्षण स्पष्टपणे दिसतो. नायिका एकच राहिली. रुक्मिणी (‘स्वयंवर’, १९१६) असो की सिंधू (‘एकच प्याला’, १९१९), ती बालगंधर्वांचीच. नायक मात्र बदलत गेले : बोडस, टेंबे, पुढे १९२२ पासून सुमारे दहा वर्षे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विनायकराव पटवर्धन, आणि गंगाधरपंत लोंढे. यांतील पुढे आलेल्या प्रत्येकाने आधीच्याने घडवलेल्या भूमिकेत पाऊल ठेवले, आपला घराणेदार किंवा बिनघराणेदार गळा तिला दिला, आणि तरीही प्रयोगाचे केंद्र आपल्याकडे ओढण्याची मुभा त्यांना नव्हती. सिंधूइतकाच सुधाकर हा ‘एकच प्याला’चा कणा आहे; तो पहिल्यांदा उभा करणाऱ्या बोडसांनंतर ज्यांनी ज्यांनी तो केला, त्यांच्यावर बोडसांच्या संवादफेकीचे ओझे होते आणि समोर बालगंधर्वांची सिंधू होती. या दुहेरी दडपणाखाली भूमिका तोलून धरणे हे कमी दर्जाचे काम मानता येणार नाही. बालगंधर्व १९३० च्या दशकाच्या मध्यास प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटाकडे वळले तेव्हा मंडळीचा गाडा थांबला. नायक बदलून जी संस्था वर्षानुवर्षे चालली होती, ती नायिकेशिवाय चालू शकली नाही.

बालगंधर्वांनी सोडलेल्या किर्लोस्कर मंडळीत १९१४ मध्ये दीनानाथ मंगेशकर आले आणि स्त्रीभूमिका करू लागले. शैलीच्या दृष्टीने ही निवड पाहिली, तर ती उघडच उलट्या दिशेची दिसते. दीनानाथांची गायकी झेपावणारी, अनपेक्षित स्वरांवर जाऊन आदळणारी, पंजाबी ढंगाची फेक असलेली होती. बालगंधर्वांची जागा भरायची असूनही त्यांनी बालगंधर्वांसारखे गायचे टाळले. चारच वर्षांत, १९१८ मध्ये, चिंतामणराव कोल्हटकरांसह त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली आणि ‘भावबंधना’तील लतिका, पुढे ‘रणदुंदुभी’तील तेजस्विनी अशा स्वतःच्या भूमिका मिळवल्या. जो वारस शैलीने वेगळा, त्याला जुन्या भूमिकेत गुदमरल्यासारखे होते आणि तो आपले घर वेगळे थाटतो, असा क्रम या काळात वारंवार आढळतो. संगीत रंगभूमीची भरभराट झाली ती बऱ्याच अंशी अशा फुटींमुळे. प्रत्येक मंडळीने आपल्या राखीव गुणवंतांना वेळीच मुख्य भूमिका दिल्या असत्या, तर मंडळ्या कमी निघाल्या असत्या आणि कदाचित नाटकेही कमी लिहिली गेली असती.

दोन मंडळ्यांच्या मुख्य नटांची तुलना श्रोते एरवी वेगवेगळ्या गावी आणि वेगवेगळ्या हंगामांत करत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त दोन मंडळ्यांचे दोन मालक, बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर म्हणून, एकाच रंगमंचावर आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव ऐन तिशीत निवर्तले. ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकरांनी पुढे चालवली.

मंडळ्या मोडल्यावर व्यवहाराची रीत पालटली. बिऱ्हाडात एकत्र राहणारा नटसंच उरला नाही. कंत्राटदार प्रत्येक प्रयोगासाठी निरनिराळ्या नटांना ‘नाइट’ ठरवून, म्हणजे रात्रीचा मोबदला ठरवून, बोलावू लागले. जुन्या नाटकांच्या भूमिका सर्वांना येत असल्यामुळे कृष्ण एका गावाहून, सुभद्रा दुसऱ्या गावाहून येई आणि प्रयोग उभा राही. या रीतीत मूळ नट आणि बदली नट हा भेदच पुसट झाला. छोटा गंधर्वांचा ‘सौभद्रा’तील कृष्ण ऐकायला जाणारा रसिक नाटकापेक्षा त्या कृष्णाकडे जाई. तालमींची शिस्त मात्र या व्यवस्थेत ढासळली, आणि सख्या, विदूषक, दुय्यम पात्रे यांची तयारी सर्वांत आधी खालावली.

याच काळात स्त्रिया स्त्रीभूमिकांत स्थिरावल्या. बालगंधर्वांच्या सहवासात तयार झालेल्या जयमाला शिलेदार यांनी जयराम शिलेदारांसह १९४९ मध्ये ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढून सुभद्रा, रुक्मिणी, सिंधू या भूमिका जपल्या, आणि त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार यांनी त्या पुढे नेल्या. पुरुषाने स्त्रियांचे निरीक्षण करून बसवलेली चाल, पदर घेण्याची ढब आणि लाजण्याची लकब आता स्त्रिया शिकत होत्या. गळा मात्र निसर्गतः वेगळा असल्याने पट्टी बदलली, आणि बालगंधर्वांच्या जागा, म्हणजे त्यांनी विशिष्ट शब्दांवर घेतलेली स्वरवळणे, नव्या उंचीवर पुन्हा घडवाव्या लागल्या.

पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात तर गायकी कोणाची आणि ती कोणाला मिळावी, हाच कथाविषय आहे : खाँसाहेबांची गायकी मिळवण्यासाठी सदाशिव धडपडतो आणि चोरून ऐकत शिकतो. जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब यांमुळे ते नाटक गाजले, आणि १९८३ मध्ये वसंतराव गेल्यावर त्या भूमिकेला हात घालणाऱ्या प्रत्येकाला नाटकातल्या सदाशिवाच्या अडचणीचा प्रत्यय आला. २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी खाँसाहेब केले तेव्हा प्रेक्षागृहातील अनेकांच्या कानांत वसंतरावांची ध्वनिमुद्रिते होती. भाऊरावांनंतर आलेल्या नारायणरावांना जी मोकळीक मिळाली, ती या पिढीला मिळत नाही. आणि जुन्या तबकड्यांच्या बाबतीत तर दगा अधिक सूक्ष्म आहे, कारण त्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत आटोपशीर केलेले पद असते, प्रत्यक्ष प्रयोगात तेच पद ‘वन्स मोअर’सह कितीतरी अधिक वेळ रंगत असे. तबकडीवरून बालगंधर्व शिकणारा विद्यार्थी ते संक्षिप्त रूपच मूळ मानून पाठ करतो. विंगेत उभ्या राहणाऱ्या मुलाला दररोज नवे पद ऐकायला मिळत होते, आणि म्हणून त्याच्या गळ्यात चाल उतरली तरी ती गोठत नव्हती.