नाटककार मास्तर आणि बाकावरचा प्रेक्षक

सन १८९९. इंदूर. किर्लोस्कर नाटक मंडळीने गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आणले. कांचनभट नावाचा लोभी भिक्षुक, पैशासाठी त्याने भुजंगनाथ या म्हाताऱ्या धनिकाला देऊ केलेली मुलगी आणि मध्ये उभा राहणारा कोदंड हा तरुण, अशी ही कथा. पुराणातून बाहेर पडून घरातल्या मुलीचे दुःख गाणारे हे मराठीतले पहिले मोठे संगीत नाटक.

ज्या वयाच्या मुलीवर ते लिहिले होते, त्या वयाच्या मुलींसाठी मात्र नाट्यगृहात कुणी खुर्ची मांडून ठेवलेली नव्हती. खुद्द शारदेचे लुगडेही मुलगाच नेसत असे.

अभिजात मराठी नाटक शाळकरी मुलांपर्यंत कोणत्या वाटांनी गेले, आणि रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या गावाच्या अलीकडे त्या वाटा का संपल्या, याचा हा मागोवा.

प्रारंभीच एक विसंगती नोंदवावी लागते. मराठी नाटक घडवणाऱ्यांत शाळामास्तरांचा भरणा आश्चर्य वाटावे इतका मोठा आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावात शिक्षक होते आणि देवल हे त्यांचे तिथले विद्यार्थी. 'कीचकवध' लिहून सरकारची बंदी ओढवून घेणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर काही काळ सांगलीच्या शाळेत शिकवत होते. आचार्य अत्रे पुण्यात मुख्याध्यापक होते. नाट्यछटाकार दिवाकर आयुष्यभर शिक्षक राहिले. म्हणजे नाटक लिहिणारा माणूस सकाळी मुलांसमोर उभा राही आणि रात्री मोठ्यांसाठी लिही. या दोन वर्गांची गाठ पडायला फार वर्षे लागली.

तशी गाठ पडण्याची शक्यता आरंभापासून होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून मराठी रंगभूमीचा काळ मोजतात. पुढच्या दोन दशकांत परशुरामतात्या गोडबोले यांनी दोन कामे केली. 'नवनीत' हा जुन्या मराठी कवितेचा संग्रह त्यांनी १८५४ साली सिद्ध केला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या शाळांत वाचला गेला. त्याच हातांनी त्यांनी 'वेणीसंहार', 'उत्तररामचरित', 'शाकुंतल', 'मृच्छकटिक' ही संस्कृत नाटके मराठीत आणली. एकाच विद्वानाच्या मेजावर क्रमिक काव्य आणि अभिजात नाटक शेजारी शेजारी होते. पण शाळेत नाटक शिरले ते वाचायचा मजकूर म्हणून. शब्दार्थ लिहा, संदर्भासह स्पष्टीकरण करा, असे. ती सवय अजून पुरती गेलेली नाही.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' झाले आणि मग नाटक हा महाराष्ट्राचा छंदच झाला. त्या काळचा प्रयोग रात्री चढे, 'वन्स मोअर' घेत घेत लांबे आणि पहाटेकडे झुके. शाळकरी पोराला हे वेळापत्रक झेपणारे नव्हते. शिवाय नाटकाचा नाद म्हणजे वाया जाण्याची पहिली पायरी, असे मानणारी घरे पुष्कळ होती.

मुलगा थिएटरात शिरत होता, पण मागच्या दाराने, नट म्हणून. १८९० साली जन्मलेल्या केशवराव भोसल्यांनी पोरवयातच शारदेच्या भूमिकेत नाव मिळवले आणि अठरा वर्षांचे होण्याआधी, १ जानेवारी १९०८ रोजी, हुबळीत 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. ज्या काळात मुलाला प्रेक्षक म्हणून नाटक वर्ज्य होते, त्याच काळात बोहल्यावर ढकलल्या जाणाऱ्या मुलीचे रडे गाऊन दाखवण्याचे काम मात्र एका मुलाच्या गळ्यावर सोपवलेले होते. कंपनीतल्या कित्येक पोरांची शाळा तिथेच सुटली. संगीत रंगभूमीच्या वैभवाची वर्णने करताना हा हिशेब सहसा मांडला जात नाही.

इथे 'शारदे'पाशी थोडे थांबले पाहिजे, कारण ते मुलांपुढे ठेवण्याजोगे नाटक आहे की नाही, हा वाद आजही होऊ शकतो. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा बारा वर्षांवर आणली, तेव्हा महाराष्ट्र दुभंगला होता. ती धग निवली नव्हती, तोच हे नाटक आले. पुढे १९२९ साली मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा कायदा झाला. तो 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो. हे नाव विधेयक मांडणाऱ्या हरविलास सारडा यांचे. नाटकाशी त्याचे नाते नामसादृश्याचे, पण मराठी मनाने ते खरे नाते मानून टाकले. १९७८ साली ही मर्यादा अठरावर गेली.

आता नाटकाची गाठ कशी सुटते ते पाहावे. मुलगी लहान आहे म्हणून लग्न मोडत नाही. तिला नको आहे म्हणूनही मोडत नाही. वधूवर सगोत्र निघतात, म्हणून मोडते! देवलांसारख्या सुधारकी लेखकालाही १८९९ च्या प्रेक्षकासमोर शास्त्राचाच आधार घ्यावा लागला. पुढे जीव द्यायला निघालेल्या शारदेला कोदंड वाचवतो आणि त्या दोघांच्या विवाहालाही धर्मपीठाची संमती लागते. मोठ्या प्रेक्षकाला हा शेवट गोड वाटून तो गाणी गुणगुणत घरी जातो. 'पण तिला कुणी विचारलं का?' हा प्रश्न आठवीतल्या मुलीने विचारावा असा आहे. अभिजात नाटक मुलांपुढे न्यायचे ते संस्कारासाठी, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक ते न्यायचे ते अशा प्रश्नांसाठी.

परंतु मुलांपर्यंत 'शारदा' पोहोचली ती बव्हंशी गायनाच्या वर्गातून. चाल आली, ताना आल्या, स्पर्धेत ढाल मिळाली, आणि पद म्हणणाऱ्या मुलीला त्या पदामागच्या मुलीचे काय झाले, हे ठाऊकच नाही. मूळ नाटक चिरून त्याचा गोड तुकडा मुलांना देण्याची ही मराठी रीत. इंग्लंडात चार्ल्स आणि मेरी लॅम या भावंडांनी १८०७ साली शेक्सपिअरची नाटके मुलांसाठी गोष्टीरूपाने लिहिली, तेव्हा संवाद गेले तरी कथा तरी शाबूत राहिली. इथे अनेकदा कथाही गळाली.

याला सन्माननीय अपवाद नाट्यछटेचा. दिवाकरांनी १९११ पासून हा प्रकार मराठीत रुजवला. रॉबर्ट ब्राउनिंगच्या नाट्यात्मक एकभाषिताची प्रेरणा त्यामागे होती. एकच पात्र बोलते, समोरचा अदृश्य असतो, आणि चारपाच मिनिटांत एका स्वभावाचे पितळ उघडे पडते. पडदा नको, पेटी नको, नेपथ्य नको. दिवाकरांच्या एक्कावन्न नाट्यछटा त्यांनी मुलांसाठी लिहिल्या नव्हत्या. तरीही स्नेहसंमेलने आणि स्पर्धा यांच्यामार्फत खेड्यापाड्यांतल्या वर्गांत पोहोचलेले अभिजात मराठी नाट्यलेखन कोणते, असे विचारले तर पहिले नाव त्यांचेच घ्यावे लागेल. याचे कारण साहित्यिक थोरवीपेक्षा सामानाच्या अभावात अधिक आहे.

मुलांसाठी स्वतंत्र रंगभूमी आली १९५९ साली. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास केला होता. मुंबई मराठी साहित्य संघाच्या छायेत त्यांनी 'लिटल थिएटर' उभारले आणि रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' केले. मुलांसाठी नाटक म्हणजे मुलांनी हातवारे करत पाठ म्हणणे, ही समजूत तिथे मोडली. पोरांसमोरही बेतीव प्रकाश, नेटके नेपथ्य आणि कसलेले नट हवेत, असा त्यांचा आग्रह होता. पुढे मतकरींनी 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' अशी नाटके देऊन ती परंपरा वाढवली. 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीवर तर दोन पिढ्या पोसल्या.

मुलाला अखेर खुर्ची मिळाली. मात्र त्या खुर्चीसमोर चेटकीण आली, राक्षस आला. शारदा आली नाही. हा दोष करमरकर-मतकरींचा म्हणता येणार नाही. मोठ्यांचे नाटक आणि मुलांचे नाटक अशा दोन ओळी आखल्या गेल्या, तेव्हा जुन्या नाटकांना दुसऱ्या ओळीत आणण्याचे काम कुणाकडेच राहिले नाही.

त्या रेषेवर पाय ठेवणारी एक शिक्षिका होती. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत. १९६७ साली त्यांनी विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये बेणारे साकारली. तीही शाळेतली बाईच. १९७४ पासून 'आविष्कार' संस्थेने याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके सुरू केली. शहरातले सर्वांत धीट नाटक शाळेच्या छपराखाली होऊ लागले. 'आविष्कार'च्या 'चंद्रशाला' या बालविभागाचे 'दुर्गा झाली गौरी' अजून नावाजले जाते. पुण्यात १९८६ पासून मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या 'ग्रिप्स'ची पद्धत आणली. मुलांच्या आयुष्यातले भांडण, भीती, अन्याय हेच तिथे नाटकाचे विषय झाले. परीकथेची सक्ती संपली.

गिरगाव, दादर, पुणे. नकाशा एवढ्यावरच थांबतो.

कळंब नेरळहून आत आहे. भोवती ठाकर आणि कातकरी वाड्या. इथल्या मुलाला मोठ्या नाट्यगृहातला प्रयोग पाहायचा तर आधी नेरळ गाठून लोकलने कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिराकडे जायचे, किंवा पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाची वाट धरायची. रात्रीचा प्रयोग सुटल्यावर वाडीवर परतायचे कसे, या प्रश्नाला उत्तर नाही. मुंबईची लोकल ज्या तालुक्यात रोज येते, तिथे मुंबईचे नाटक येत नाही.

पण अंतर ही एकच अडचण नव्हे. शाळांची स्नेहसंमेलने भरतात डिसेंबर-जानेवारीत. वर्षभरात मुलाला रंगमंचावर पाय ठेवायला मिळतो, तो या दिवसांत. आणि कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. पोरेही बरोबर असतात. तालमींसाठी मुले निवडायची वेळ येते तेव्हा त्यांचे बाक रिकामे पडलेले असतात.

याच मुलांना 'शारदा' सर्वांत कमी समजावून सांगावी लागेल. कांचनभट पैसा घेऊन बसला आहे आणि आता शब्द फिरवता येत नाही, ही कोंडी शहरातल्या विद्यार्थ्याला ऐतिहासिक वाटते. आगाऊ उचल घेतली की माणूस बांधला जातो, हे भट्टीवर राहून आलेल्या पोराने पाहिलेले असते. लवकर उरकलेली लग्नेही त्याला पुस्तकातून शिकायची नसतात.

उलट्या दिशेचा एक प्रयोग मतकरींनीच आयुष्याच्या उत्तरार्धात केला. ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर त्यांनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. लेखन मुलांचे, विषय मुलांचे, भाषा वस्तीची. तिथे सिद्ध झाले ते इतकेच की, उत्तम नट होण्यासाठी नाट्यगृह पाहिलेले असावे लागत नाही. जुन्या नाटकाची संहिता अशा मुलांच्या हाती देणे ही त्याची पुढची पायरी ठरली असती. कांचनभट आणि त्याची बायको इंदिराकाकू यांचा एखादा प्रवेश, गाण्यांवाचून, वर्गातली बाके सरकवून, ठाकरी किंवा कातकरी बोलीत. याला खर्च शून्य आहे. चारपाच मुले आणि एक मास्तर पुरे.

तालीम मात्र ऑक्टोबरातच संपवावी लागेल. दिवाळीची सुट्टी लागली की शारदेच्या वयाच्या काही मुली भट्टीच्या ट्रकमध्ये बसलेल्या असतात.