कवळी कशाची? पाणघोडा, माणूस आणि रबर

तुमच्या घरी रात्री वाटीभर पाण्यात कवळी काढून ठेवणारं कुणी असेल, तर तिचा गुलाबी रंग ओळखीचा असेल. तो ॲक्रिलिकचा. ही कवळी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आली, म्हणजे तशी कालचीच. त्याआधी लोक तोंडात काय बसवत होते? मी हस्तिदंताच्या व्यापारावर काम करते, आणि या प्रश्नाची वाट थेट आपल्या किनाऱ्याला येऊन लागते.

१७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालायचा. गुजरातचं कापड घेऊन जहाजं तिकडे जायची आणि हस्तिदंत घेऊन दीव, दमण, गोव्याकडे परतायची. त्याच मालात पाणघोड्याचे सुळेही असत. हस्तिदंत इथे बांगड्यांना लागायचा. युरोपातल्या दंतवैद्यांना मात्र पाणघोडा जास्त प्रिय. तो हत्तीच्या दातापेक्षा कठीण आणि लवकर पिवळा न पडणारा. पुढे एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत मुंबईमार्गे लंडनला जाऊ लागला.

पण हाडासारखी ही वस्तू लाळेत कुजते. कवळीला वास मारायचा, चावताना ती हलायची, म्हणून कित्येक जण जेवताना ती काढून ठेवत. आपल्याकडची म्हण इथे शब्दशः खरी ठरते: दाखवायचे दात वेगळे!

जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडी होती, हे तुम्ही ऐकलं असेल. नव्हती. १७८९ मध्ये शपथ घेताना त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता, आणि कवळीत पाणघोड्याचा सुळा नि माणसांचे दात होते. त्यांच्या हिशेबाच्या वहीत १७८४ सालची एक नोंद आहे: कृष्णवर्णीयांना नऊ दातांबद्दल ६ पौंड २ शिलिंग. बाजारभावापेक्षा कमी. गुलामाला 'नाही' म्हणायची मुभा किती होती, हे तुम्हीच ठरवा. १८१५ च्या वॉटर्लूनंतर मेलेल्या सैनिकांचे दात उपटून विकले गेले, ते वेगळंच.

सामान्य माणसाला कवळी परवडायला लागली ती रबरामुळे. भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये काम करणाऱ्यांना व्हल्कनायझिंग सांगायला नको. टायरच्या रबरात गंधक दोन-तीन टक्के; तेच पंचवीस-तीस टक्क्यांच्या पुढे नेऊन वाफेच्या दाबाखाली तापवलं की रबर लाकडासारखं कडक होतं. हे व्हल्कनाइट. साच्यात दाबलं की हिरडीवर चपखल बसणार. रंग मात्र काळपट, म्हणून त्यात हिंगूळ घालून लाल करत. दात चिनी मातीचे.

अमेरिकेत १८६४ मध्ये याचं पेटंट निघालं आणि गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे मागू लागली. न देणाऱ्यावर खटला. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन हा माणूस गावोगाव फिरून खटले भरायचा. १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात सॅम्युअल चॅल्फंट या दंतवैद्याने त्याला गोळी घातली. खुनाचं समर्थन नाही, पण दंतवैद्य किती पिडले होते ते यावरून कळतं. १८८१ मध्ये पेटंट संपलं. पुढची पन्नासेक वर्षं तोंडातोंडात हेच रबर होतं.

तेव्हा पणजोबांच्या ट्रंकेत विटकरी किंवा काळपट कवळी सापडली, तर फेकू नका. फक्त कानशीने घासू नका. हिंगुळात पारा असतो.