पाच हजार वर्षांची सुई? ॲक्युपंक्चरचा इतिहास

"डॉक्टर, ॲक्युपंक्चर पाच हजार वर्षं जुनं आहे. इतकी वर्षं टिकलं म्हणजे त्यात तथ्य असणारच ना?" पाठदुखी किंवा गुडघेदुखीचे रुग्ण मला हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ही पद्धत खरंच इतकी जुनी आहे का, आणि ती अखंड चालत आली आहे का, हे आधी पाहू.

सुरुवात कधी झाली?

१९७०च्या दशकात चीनमध्ये चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे जुन्या थडग्यांचे उत्खनन झाले. त्यातल्या इ.स.पू. १६८ मधील एका थडग्यात रेशमी कापडावर लिहिलेली वैद्यकीय हस्तलिखिते मिळाली. शरीरातल्या अकरा वाहिन्यांचे वर्णन त्यांत आहे. दवण्याच्या जातीतील एका वनस्पतीची वाळलेली पाने जाळून शेक देण्याची पद्धतही आहे. तिला मॉक्सा म्हणतात. सुया टोचण्याचा उल्लेख मात्र त्या वाहिन्यांच्या वर्णनात नाही. इ.स.पू. ११३ मध्ये वारलेल्या ल्यू शंग या राजपुत्राच्या थडग्यात सोन्याचांदीच्या सुया सापडल्या, त्या उपचाराच्या असाव्यात असे मानतात. 'ह्वांगदी नेईजिंग' हा चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथही साधारण याच काळात संकलित झाला. म्हणजे ठोस पुरावा दोन हजार वर्षांच्या थोडा मागे जातो. तेही कमी नाही, पण पाच हजार नव्हे.

या ग्रंथातली कल्पना अशी की शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती वाहिन्यांमधून वाहते. नद्यांमधून पाणी वाहावे तशी. प्रवाह अडला की आजार होतो आणि ठरावीक बिंदूंवर सुई टोचली की तो मोकळा होतो. आपल्याकडच्या वात-पित्त-कफासारखीच ही त्या काळची शरीर समजून घेण्याची भाषा होती. आधुनिक शरीररचनाशास्त्राला अशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत.

चढ आणि उतार

सोंग राजवटीत या विद्येला मोठा मान होता. १०२७ मध्ये वांग वेईयी या राजवैद्याच्या देखरेखीखाली माणसाच्या आकाराचे दोन कांस्य पुतळे घडवले गेले आणि त्यांवर बिंदूंच्या जागी छिद्रे ठेवली गेली. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा लेप देऊन आत पाणी भरत, असे वर्णन आहे. विद्यार्थ्याची सुई बरोबर जागी गेली की पाणी बाहेर येई!

पुढे चित्र बदलले. काढे आणि औषधी वनस्पती हाच चिनी वैद्यकाचा मुख्य प्रवाह बनला आणि सुया मागे पडल्या. १८२२ मध्ये खुद्द चिनी सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चर बंद केले. १९२९ मध्ये तर तिथल्या सरकारपुढे संपूर्ण पारंपरिक वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला. वैद्यांनी एकजुटीने विरोध केला, म्हणून तो बारगळला.

आज तुम्हाला टोचल्या जातात त्या केसासारख्या बारीक सुया आणि रक्तवाहिन्या टाळून ठरवलेले बिंदू यांत विसाव्या शतकातल्या चंग दानआन या वैद्याचा मोठा वाटा आहे. त्याने पाश्चात्त्य शरीररचनाशास्त्र वाचून जुन्या पद्धतीची फेरमांडणी केली. १९४९ नंतर माओच्या सरकारपुढे कोट्यवधी लोक आणि मूठभर डॉक्टर अशी स्थिती होती. तेव्हा पारंपरिक वैद्यांना सरकारी व्यवस्थेत आणले गेले आणि १९५६ पासून त्यांची महाविद्यालये उघडली. 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणून जग आज जे ओळखते, त्याची घडी तेव्हा बसली.

जगभर कसे पसरले?

जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन यांची पेकिंगमध्ये ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि अमेरिकेत सुयांची लाट आली. भूल न देता सुयांवर शस्त्रक्रिया झाली, असे अजूनही सांगितले जाते. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया नेहमीचे भुलीचे इंजेक्शन देऊन झाली होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातली अस्वस्थता कमी करण्यासाठी.

भारतातल्या प्रसाराला आपल्या ओळखीचा एक धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस तिथेच वारले. बसू परतले आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कोलकात्यात ॲक्युपंक्चर सुरू केले.

मग उपयोग होतो का?

जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. एका गटाला योग्य बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर, आणि तिसऱ्याला औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातल्या २७.४ टक्के रुग्णांना आराम होता. म्हणजे सुयांनी फायदा झाला, पण बिंदू नेमका कोणता याने फारसा फरक पडला नाही. २०१२ मध्ये सुमारे १८,००० रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा जुनाट वेदनांत खऱ्या सुया खोट्यांपेक्षा थोड्या सरस ठरल्या. टोचण्याने मज्जासंस्थेतून वेदनाशामक रसायने स्रवतात. शिवाय निवांत झोपणे, कोणीतरी वेळ देणे आणि विश्वास यांचाही त्यात वाटा असतो.

म्हणून जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी किंवा वारंवार होणारी डोकेदुखी यांसाठी नेहमीच्या उपचारांच्या जोडीने ॲक्युपंक्चर करून पाहायला माझी हरकत नसते. मात्र सुयांच्या भरवशावर इन्सुलिन, रक्तदाबाच्या किंवा फिटच्या गोळ्या बंद करू नका. त्याने जीवावर बेतू शकते. वेदनेबरोबर वजन घटणे, ताप, पायातली ताकद जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे असे काही असेल तर आधी निदान करून घ्या.

उपचार प्रशिक्षित व्यक्तीकडूनच घ्या. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात, पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा. छातीवर खोल टोचलेल्या सुईने क्वचित फुप्फुसाला इजा होते, त्यामुळे नंतर धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर मॉक्साचा शेक टाळा, चटका बसलेला कळणार नाही.

उपचार किती जुना आहे, यावरून तो तुम्हाला लागू पडेल की नाही हे ठरत नाही. पाच-सहा वेळा जाऊनही फरक पडला नाही, तर थांबा आणि आपल्या डॉक्टरांशी बोला.