विळ्याच्या आकाराची रक्तपेशी : बर्लिन, शिकागो आणि नागपूर

१/ १८४० च्या दशकात बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो शवविच्छेदन करत असताना फुप्फुसाच्या धमनीत रक्ताच्या गुठळ्या आढळत. त्या तिथेच तयार होतात, असा समज होता. फिर्खो यांनी दाखवून दिले की गुठळी अनेकदा पायाच्या शिरेत धरते, तिथून सुटते आणि हृदयामार्गे फुप्फुसात जाऊन अडकते.

२/ परंतु रक्ताची वाट अडवायला दर वेळी गुठळीच लागते असे नाही. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्यासारख्या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच सिकलसेल आजार.

३/ १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे सिद्ध केले. प्राणवायू सुटताच हे सदोष रेणू एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी कडक होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत असह्य वेदना उठतात, प्लीहा निकामी होते, कधी लहान वयातच पक्षाघात होतो. या रुग्णांत खऱ्या गुठळ्यांचा धोकाही वाढलेला असतो.

४/ भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना ही पेशी सापडली. त्यामुळे हा केवळ डोंगरदऱ्यांतील जमातींचा आजार वाटला असता. पण १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतावरील शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. नागपूर परिसरातील आदिवासी नसलेल्या समाजांतही हा गुणधर्म असल्याचे त्यातून दिसले.

५/ विदर्भातच तो एवढा का? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले होते की सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकाला गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळते. शतकानुशतके हिवतापाने पछाडलेल्या जंगलपट्ट्यांत म्हणूनच हे जनुक टिकून राहिले.

६/ याची किंमत मात्र पुढच्या पिढीने मोजली. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे ठाऊक नसल्याने दुखणे ‘बाहेरचे’ ठरले आणि दोष बहुतेकदा आईच्या माथी आला.

७/ नागपूरचे संपत रामटेके यांनी ‘सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया’च्या माध्यमातून रुग्णांचा आवाज उठवला, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला होता. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट आहे.

८/ फिर्खो यांना मृत्यूनंतर शवविच्छेदनात जे शोधावे लागले, त्याचा धोका आज रक्ताच्या काही थेंबांतून लग्नाआधीच कळू शकतो. विदर्भातल्या घरांत पत्रिकेआधी ही तपासणी होते का, यावर आता पुष्कळसे अवलंबून आहे.